समुद्राची हवा दुरुस्त करणारे हिंमतराव

हिंमतरावांना समुद्राची हवा दुरुस्त करायची होती.

ही हवा हजारो वर्षं कुणाला न विचारता वाहत आलेली. माडांना ती चालत होती, कोळ्यांना चालत होती, वाळत घातलेल्या बोंबलांनाही चालत होती. तिच्याविरुद्ध आजवर कुणी लेखी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस तोवर तिच्या वाटेला गेला नव्हता, एवढंच काय ते तिचं नशीब. जानेवारीत हिंमतरावांनी दापोलीच्या पलीकडे नारवेळी नावाच्या गावात समुद्रासमोरचं एक जुनं कौलारू घर विकत घेतलं आणि ते नशीबही संपलं.

घर अगदी साधं होतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, त्यांना लाकडी झडपा, वर कौलं आणि पुढे रुंद पडवी. पहिल्या दिवशी हिंमतरावांच्या पत्नी मुक्ताई पडवीत खुर्ची टाकून बसल्या त्या दोन तास उठल्याच नाहीत. वाऱ्याने पदर खांद्यावर टिकत नव्हता आणि त्या तो सावरतही नव्हत्या. पुण्यात एकतीस वर्षं काढल्यावर या जोडप्याची वऱ्हाडी फक्त फार आनंद झाला किंवा फार राग आला तरच बाहेर पडायची. त्या दिवशी मुक्ताई म्हणाल्या, "मले इथं काही नको. ही खुर्ची अन् हा वारा. बस."

समजूतदार नवऱ्याने एवढ्यावर घर आहे तसंच ठेवून, कुलूप लावून पुणं गाठलं असतं. पण हिंमतरावांनी घर वाऱ्यासाठी घेतलंच नव्हतं. त्यांनी ते सुशीलाबाईंसाठी घेतलं होतं.

गैरसमज नको. सुशीलाबाई म्हणजे कर्वेनगरातल्या 'स्नेहबंध' सोसायटीच्या सेक्रेटरी, वय अडुसष्ट, आणि जिन्यात चपला कुठे काढाव्यात यावर त्यांच्या सहीच्या चार वेगवेगळ्या सूचना लावलेल्या. त्या मूळच्या कोकणातल्या. म्हणजे दर मे महिन्यात दोन दिवस चुलत दिराकडे जायचं आणि येताना आंबे आणायचे, इतपत कोकणातल्या. मग प्रत्येक फ्लॅटमध्ये मोजून दोन आंबे पोचवताना त्या हिंमतरावांना म्हणत, "आमच्या बागेतले. तुमच्या नागपूरला संत्री असतात ना?" हिंमतराव अकोल्याचे. अकोल्याहून नागपूरला जायचं तर अर्धा दिवस मोडतो, पण स्नेहबंधमध्ये शिक्रापूरच्या पुढे सगळं नागपूरच. दहा-अकरा वेळा दुरुस्ती सुचवून झाल्यावर हिंमतरावांनी मुकाट्याने नागपूरचं नागरिकत्व पत्करलं होतं.

खरं दुखणं वेगळं होतं. एकतीस वर्षांत सोसायटीतल्या एकाही माणसाने त्यांच्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. नवी गाडी आणली तेव्हा सुशीलाबाई म्हणाल्या, "दुसरा रंग शिल्लक नव्हता का?" मुक्ताईंची पुरणपोळी खाऊन म्हणाल्या, "वेगळी लागते." पुण्यात 'वेगळी लागते' याचा अर्थ काय होतो, हे पुण्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मुक्ताईंनी ते हसण्यावारी नेलं. हिंमतरावांनी ते आत कुठेतरी जपून ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्यावर पाणी घालत राहिले.

म्हणून बेत ठरला. मे महिन्यात नारवेळीच्या घराची वास्तुशांत करायची, सोसायटीतली आठही बिऱ्हाडं तिथे न्यायची, आणि सुशीलाबाईंच्या तोंडून दोन शब्द वदवून घ्यायचे: 'छान आहे.' त्याच्यापुढे 'पण' नको. याहून जास्त काही या माणसाला आयुष्याकडून नको होतं. वाचून कीव येईल, पण इलाज नाही.

आता जुनं घर जसंच्या तसं दाखवून कुणी छान म्हणत नाही. त्यासाठी आधी ते बिघडवावं लागतं. कसं बिघडवायचं हे सांगायला रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तज्ज्ञ जमले. त्यात अग्रभागी दुसऱ्या मजल्यावरचे रामदास लवाटे. लवाटे एकदा गोव्याला वातानुकूलित हॉटेलात तीन रात्री राहिले होते आणि त्या भांडवलावर ते सगळ्या पश्चिम किनाऱ्याबद्दल बोलत.

"कोकणात शत्रू एकच. दमटपणा," लवाटे म्हणाले. "घर सील करा. झडपा काढा, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग काचा लावा. पडवीलासुद्धा. आणि कौलांतून हवा येते ती पीओपीचं छत करून बंद करा. एकदा हवा आत आलीच नाही की दमटपणा येईल कुठून?"

युक्तिवाद बिनतोड होता. माणूस आत कसा जगेल हा मुद्दा तेवढा चर्चेला आला नाही.

हिंमतरावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्यात स्वतःची भर घातली. ती म्हणजे कूलर. अकोल्यात मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकतो, तेव्हा खिडकीबाहेर पत्र्याचा भलामोठा कूलर बसवतात. त्याच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यांवरून पाणी झिरपतं आणि कोरडी झळ गारेगार होऊन घरात येते. वऱ्हाडातल्या माणसाचा देवावरचा विश्वास एकवेळ डळमळेल, कूलरवरचा नाही. उन्हाळा आहे ना? मग कूलर पाहिजे. समोर समुद्र आहे की कापसाचं शेत, याच्याशी कूलरला काय देणंघेणं?

"अहो, तिथली हवाच ओली," मुक्ताई म्हणाल्या. "ओल्या हवेत आणखी पाणी कशाले घालता?"

"हवेचं शास्त्र मला शिकवू नकोस. मी धरणं सांभाळली आहेत."

सांभाळलं होतं एक धरण, आणि त्यातही मुख्यतः त्याचं हजेरीपुस्तक. पण घरात असले तपशील काढायचे नसतात.

जुन्या घराला हात लावायचा तर परवानगी हवी. समुद्रकाठी तर हवीच हवी. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही. तिथल्या लोकांना पुढेही लोकांची कामं अडवायची आहेत. टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, "घर समुद्रापासून किती लांब?"

"सत्तर पावलं," हिंमतराव म्हणाले.

"भरतीला की ओहोटीला?"

हिंमतराव गडबडले. धरणाला असलं काही नसतं.

"भरतीरेषेचा नकाशा बघावा लागेल," कारकून म्हणाला. "मंगळवारी या."

मंगळवारी नकाशा निघाला. त्यात हिंमतरावांचं घर होतं, विहीर होती, तीन माड होते, आणि तिथे कागद संपला होता. समुद्र पुढच्या कागदावर होता आणि तो कागद नव्याने काढायला जिल्ह्याला गेला होता.

"म्हणजे कागदोपत्री माझ्या घरासमोर समुद्र नाही," हिंमतराव उजळले. "मग परवानगी लागणारच नाही!"

"चालेल की," कारकून शांतपणे म्हणाला. "समोर समुद्र नाही, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या."

अशा प्रतिज्ञापत्राचा मसुदा हिंमतरावांनी नारवेळीच्या घरात बसून खरोखरच करायला घेतला होता. 'मी शपथेवर सांगतो की' इथपर्यंत लिहून झाल्यावर मागून लाटेचा आवाज आला आणि त्यांचा हात थांबला. पुढे चार खेपांनंतर एवढंच पदरात पडलं, की भिंती आणि कौलांना हात लावायचा नाही, आतली किरकोळ दुरुस्ती करायला हरकत नाही. काचा, छत आणि कूलर या तिन्ही गोष्टी किरकोळ असल्याचा निर्णय हिंमतरावांनी स्वतःच्या अधिकारात दिला.

काचा, लोखंडी ग्रिल आणि कूलर करायला त्यांनी बिबवेवाडीचा जयसिंग गाठला. जिथे त्याच्या आजोबांचा कांदा पिकायचा, तिथेच आता त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. जयसिंगने अठ्ठावीस वर्षांत बिबवेवाडी सोडून फारसं कुठे काम केलं नव्हतं आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"खाऱ्या हवेत लोखंड टिकेल ना?" हिंमतरावांनी विचारलं.

"साहेब, त्या समोरच्या बिल्डिंगीची ग्रिल बघा. बारा वर्सं झाली. गंजाचा एक डाग हाय का? दाखवा!"

हिंमतरावांनी चष्मा पुसून ग्रिल पाहिली. डाग नव्हता. दोघांचंही समाधान झालं. बिबवेवाडीला समुद्र नाही ही गोष्ट दोघांनाही पाठ होती, पण ती त्या क्षणी कुणालाच आठवली नाही.

काचा आणि ग्रिल टेम्पोतून गेल्या. कूलर मागून तयार झाला तेव्हा हिंमतरावांनी तो एसटीने पाठवायचं ठरवलं आणि घरातल्या चपलांवरच तो घेऊन स्वारगेटला पोचले. कंडक्टरने कूलरभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"सोबत कोण?"

"कुणी नाही. तिकडे आमचा दत्तोबा गवंडी उतरवून घेईल."

"म्हणजे हा एकटाच चाललाय?" कंडक्टरने कूलरकडे निरखून पाहिलं. "स्टॉप आला की उठेल का स्वतः?"

रांगेतली माणसं हसली. हिंमतरावांनी आपण राजपत्रित अधिकारी होतो हे सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "मग तुम्हीच या सोबत. आणि याचं पूर्ण तिकीट पडेल. हाफमध्ये बसत नाही, उंची जास्त आहे."

अशा रीतीने हिंमतराव घरातल्या चपलांवर साडेसहा तास कूलरला मिठी मारून उभे राहिले. महाडला एका आजीबाईंनी आपली भाजीची पिशवी विश्वासाने कूलरच्या टाकीत ठेवली आणि उतरताना हिंमतरावांनाच दटावलं, की भेंडीला पत्र्याचा वास लागला.

नारवेळीच्या स्टॉपवर दत्तोबा हजर होता. पन्नास वर्षं या किनाऱ्यावर घरं बांधणारा हा माणूस बोलायचा कमी. घराकडे जाताना त्याने काचांकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "साहेब, काचा लावल्यात. आता वारा काय बेल वाजवून येणार?"

"दत्तोबा, तुम्ही फक्त सांगितलं तेवढं करा."

"करतो," दत्तोबा म्हणाला आणि त्याने कूलरसाठी समुद्राकडच्या खिडकीतली एक काच काढून तिथे कूलर बसवला.

एप्रिलअखेर नवराबायको राहायला आले. हिंमतरावांनी सगळ्या काचा ओढून घेतल्या, कूलर सुरू केला आणि खुर्चीत बसून सुखाची वाट पाहू लागले. ते आलं नाही. घरात कोंडलेल्या वाफेत कूलरने आपल्याकडची वाफ ओतली. तासाभरात भिंतींना घाम सुटला. डब्यातलं मीठ ओतलं तर ओघळायचं, पापड कुरकुरेनासा झाला, काडेपेटीतली एकही काडी पेटेना. पीओपीच्या छताने तिसऱ्या दिवशी पोट सोडलं आणि ते रोज थोडं थोडं खाली येऊ लागलं. ग्रिलवरून तांबडे ओघळ नव्या पांढऱ्या रंगावर उतरले. हिंमतराव रोज बनियन पिळून वाळत घालत आणि ते वाळत नसे.

मुक्ताईंची खुर्ची पडवीतच होती, पण पडवीला आता काचा होत्या. समोर माड हलत होते, लाटा येत होत्या आणि आत पानही हलत नव्हतं. त्या बराच वेळ काचेतून बाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पडद्यावरच समुद्र पाहायचा होता, तर तो कर्वेनगरात नव्हता का? इतक्या लांब कशाले आणलं मले?"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. हिंमतरावांना ते कळलं, आणि चूकही कळली. पण वास्तुशांतीची निमंत्रणं गेली होती. आता काचा काढायच्या म्हणजे स्नेहबंधच्या आठही बिऱ्हाडांसमोर, आणि मुख्य म्हणजे सुशीलाबाईंसमोर, आपण मूर्ख ठरलो असं जाहीर करणं. ते म्हणाले, "नवीन आहे. सेट व्हायला वेळ लागतो."

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिनीबस येऊन थांबली. एकोणीस माणसं घामाघूम होऊन उतरली. हिंमतरावांनी सकाळीच कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी ओतून ताट्या चिंब करून ठेवल्या होत्या. गुरुजींनी होम पेटवला. काचा बंद. पाच मिनिटांत धुरामुळे यजमान यजमानीणबाईंना दिसेनासे झाले. लवाटे खोकत म्हणाले, "सीलिंग मात्र उत्तम झालंय."

आणि वीज गेली.

पंखे थांबले, कूलर घरघर करत थांबला. एकोणीस माणसांनी एकदमच सुस्कारा सोडला आणि त्या सुस्काऱ्यानेही घर आणखी तापलं. हिंमतराव धावत जाऊन काचा सरकवू लागले. मिठाने आणि वाळूने पट्टी गच्च झाली होती, काच जागची हलेना. मागून सुशीलाबाईंचा आवाज आला, "नागपूरला अशीच घरं असतात का हो?"

हिंमतरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकतीस वर्षांची तपश्चर्या धुरात चालली होती. त्यांनी केविलवाण्या चेहऱ्याने दत्तोबाकडे पाहिलं. दत्तोबाने एक लोखंडी कांब घेतली आणि मागच्या बाजूच्या काचा एकेक करून वर उचलून चौकटीतून काढल्या. मग पडवीकडच्या काढल्या. सगळ्या नेऊन विहिरीजवळ ठेवल्या.

वारा आला. धूर निघून गेला, गुरुजींना मंत्र आठवले, मुलं पडवीत पळाली. मुक्ताई पूजेतून उठल्या नाहीत, पण त्यांनी डोळे मिटून चेहरा वाऱ्याकडे केला.

सुशीलाबाई समुद्राकडच्या खिडकीशी, बरोब्बर कूलरसमोर बसल्या होत्या. समोरचा वारा ओल्या ताट्यांतून गाळून त्यांच्या तोंडावर येत होता, वाळ्याचा मंद वास घेऊन. त्यांनी मान मागे टेकली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हिंमतराव."

हिंमतराव पूजा सोडून समोर जाऊन उभे राहिले.

"तुमचा हा कूलर छान आहे."

हिंमतराव 'पण' यायची वाट पाहत राहिले. तो आला नाही.

"काय गार वारा! आणि आवाज म्हणून नाही," सुशीलाबाई पुढे म्हणाल्या. "मला आमच्या गावच्या घराला असाच करायचाय. काचा, छत, सगळं जसंच्या तसं. आमच्या दिरांनी नुसता जुनाट गोठा करून ठेवलाय, सगळीकडून वारा शिरतो."

हिंमतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं नव्हतं, धूर केव्हाच गेला होता. त्यांनी तोंड उघडलं, पण आधी मुक्ताई बोलल्या. "सुशीलाबाई, तो कूलर बंद आहे. वीज गेलीय. हा वारा समुद्राचा. आमच्याकडून मूर्खपणा झाला, तुम्ही करू नका. आहे ते घर चांगलं आहे तुमचं."

सुशीलाबाईंनी कूलरकडे पाहिलं, मग मुक्ताईंकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसल्या. हिंमतरावांना जरा बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे. होतं असं. आपल्याकडे असलं की ते दुसऱ्याकडे नको वाटतं बायकांना. तुम्ही मला हे सगळं करणाऱ्या माणसाचा नंबर पाठवा."

संध्याकाळी मिनीबस परत गेली. मुक्ताईंनी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, काचा पुन्हा लावायच्या नाहीत. दोन, पुण्याला गेल्यावर सुशीलाबाईंना फोन करून खरं काय ते सांगायचं. "त्यांचं चांगलं घर तुमच्यापायी बिघडलं, तर मी तोंड दाखवू शकणार नाही," त्या म्हणाल्या. हिंमतरावांनी दोन्ही गोष्टींना मान डोलावली.

मंगळवारी सकाळी कर्वेनगरात चहा झाल्यावर मुक्ताईंनी फोन आणून त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. हिंमतरावांनी नंबर लावला. जिना उतरून दार वाजवलं असतं तरी चाललं असतं, पण असली कबुली तोंडावर देण्याइतकं धैर्य पाटबंधारे खात्याने त्यांना दिलं नव्हतं.

"सुशीलाबाई, तो कूलर आहे ना, त्याचं असं आहे की..."

"अहो, तुमचाच विषय चाललाय इथे!" सुशीलाबाई मध्येच म्हणाल्या. "लवाटे आलेत. मी त्यांना म्हटलं, आपल्या सोसायटीत हिंमतरावांसारखी दृष्टी कुणाला नाही. आपण कोकणातले म्हणवतो, पण घर कसं असावं हे अकोल्याच्या माणसाने दाखवलं."

हिंमतरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. अकोल्याच्या. त्यांनी मुक्ताईंकडे पाहिलं. मुक्ताईंनी हाताने खूण केली: सांगा.

"आणि तुम्ही नंबर पाठवलात त्या जयसिंगला घेऊन शनिवारी मी तुमच्या घरी नारवेळीला येते," सुशीलाबाई म्हणाल्या. "मापं घ्यायला. सगळं होतं तसं बघायचंय. त्या काचा तुमच्या माणसाने काढल्या होत्या, त्या लावून ठेवायला सांगाल ना?"

हिंमतरावांनी मुक्ताईंकडे पाठ फिरवली.

"सांगतो," ते म्हणाले. "आणि ताट्या मात्र वाळ्याच्याच घ्या. त्यात तडजोड नको."

मुक्ताई उठल्या. आतून बॅग भरण्याचा आवाज आला, कपाटाचं दार लागलं. दहा मिनिटांत त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. "मी चालले स्वारगेटले," त्या म्हणाल्या. "दत्तोबा काचा लावायच्या आत पोचते. पाहते कोण लावते ते. तुम्ही या मागून. तुमाले लोकांनी छान म्हणणं सोडलं, की या."

फोनवर सुशीलाबाईंचं कौतुक अजून चालूच होतं, त्यामुळे हिंमतरावांना मुक्ताईंना 'थांब' म्हणता आलं नाही.